काळ्या मशीनची पारख

जुनी शिवणयंत्रे जमवू पाहणाऱ्याने एक गोष्ट आधीच पक्की लक्षात घ्यावी: ही वस्तू दुर्मीळ नाही. १९१३ या एका वर्षात स्कॉटलंडमधल्या क्लाइडबँकच्या किलबोवी कारखान्यातून सिंगर कंपनीची १३ लाखांहून अधिक मशिने बाहेर पडली. कंपनीचे कारखाने अमेरिकेत, कॅनडात, जर्मनीत आणि रशियातही होते. बिडाचे अंग आणि पोलादाचे दांडे असलेली ही वस्तू सहसा मोडत नाही, फक्त अडगळीत जाते. त्यामुळे माळ्यावर काळे मशीन सापडले की घरात जे बोलले जाते, "शंभर वर्षांची अँटिक आहे, लाखाला जाईल", त्यातला पहिला भाग खरा असू शकतो, दुसरा जवळपास कधीच नसतो.

मग जमवायचे कशासाठी? माझ्या मते दोन कारणांसाठी. पहिले म्हणजे हे यंत्र अजून काम करते. घरातली शंभर वर्षांपूर्वीची दुसरी कोणती वस्तू आज बाजारातून सुई आणून, आजचा दोरा ओवून, आजच्या कापडावर चालवता येते? दुसरे कारण याहून मोठे आहे. प्रत्येक मशीन आपला जन्म अंगावर लिहून ठेवते आणि आपले आयुष्यही. कोणत्या कारखान्यात तयार झाले, साधारण कधी, घरात चालले की दुकानात, चालवणाऱ्याचा हात कुठे टेकत असे, हे सगळे वाचता येते. हे वाचणे शिकायचे असेल तर जुनी मशिने जमवावीत. दिवाणखान्यात शोभेला ठेवायचे असेल तर पितळी समई अधिक शोभून दिसते.

थोडा इतिहास आवश्यक आहे, कारण तो माहीत नसेल तर मशीनवरचे लिखाण चुकीचे वाचले जाते. शिवणयंत्र एका माणसाने शोधलेले नाही. १८३० साली फ्रान्समध्ये बार्तेलेमी तिमोनिए याने साखळी टाक्याच्या यंत्राचे पेटंट घेतले आणि पॅरिसमध्ये सैन्याचे गणवेश शिवण्याचा कारखाना घातला. पोटावर पाय येणार म्हणून चिडलेल्या शिंप्यांनी तो कारखाना फोडला. अमेरिकेत १८४६ साली एलायस हाऊ याने टोकाकडे भोक असलेली सुई आणि खालून धावणारे शटल एकत्र आणून दोन दोऱ्यांचा टाका बांधला. आयझॅक मेरिट सिंगरचे पेटंट १२ ऑगस्ट १८५१ चे. सिंगरने सुई उभी केली, कापड सपाट फळीवर आणले आणि मशीन सलग चालेल असे केले. मग कोर्टकचेऱ्या सुरू झाल्या. हाऊने खटला जिंकला, सिंगरला पैसे भरावे लागले, आणि १८५६ मध्ये मोठ्या कंपन्यांनी आपापली पेटंट एका गाठोड्यात बांधून इतरांकडून शुल्क घ्यायला सुरुवात केली. हे गाठोडे १८७७ पर्यंत टिकले.

याच धामधुमीत जेम्स गिब्ज नावाच्या व्हर्जिनियातल्या शेतकऱ्याने केलेली करामत मला फार मोलाची वाटते. त्याने एका जाहिरातीत शिवणयंत्राचे चित्र पाहिले. चित्रात फक्त वरचा भाग दिसत होता, खाली काय चालते ते दिसत नव्हते. सुई कापडातून खाली गेल्यावर दोरा कोण अडवत असेल याचा विचार करत त्याने खाली फिरणारा आकडा स्वतःच्या डोक्याने काढला, आणि तो मूळ यंत्रापेक्षा वेगळा आणि सोपा निघाला. विलकॉक्स अँड गिब्ज या नावाने ती मशिने विकली गेली. त्यांचा सांगाडा इंग्रजी जी अक्षराच्या आकाराचा असतो, त्यामुळे लांबूनही ओळखू येते. टाका साखळीचा, एकाच दोऱ्याचा. धान्याच्या पोत्याचे टोकाचे सूत ओढले की शिवण सरसर उसवत जाते, तोच हा टाका. हे मशीन आपल्याकडे क्वचित दिसते. दिसले तर सोडू नये.

सिंगर कंपनी इतरांच्या पुढे गेली ती यंत्रापेक्षा विक्रीच्या पद्धतीमुळे. सिंगरचा भागीदार एडवर्ड क्लार्क याने १८५६ च्या सुमारास हप्त्याने विक्री सुरू केली: थोडी रक्कम आधी द्यायची, मशीन घरी न्यायचे, बाकी महिन्यामहिन्याला फेडायची. त्याच काळात जुने मशीन आणून द्या आणि नव्यावर सूट घ्या अशीही योजना निघाली. परत आलेली जुनी मशिने कंपनी मोडून टाकत असे, म्हणजे ती पुन्हा बाजारात येऊ नयेत. १८५० च्या दशकातली मशिने आज एवढी थोडी का उरली, त्याचे एक कारण हे आहे.

हिंदुस्थानात ही हप्त्याची पद्धत रुजवण्याचे काम नसरवानजी मेरवानजी पटेल या पारशी गृहस्थांनी केले. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपासून बरीच वर्षे सिंगरचा इथला कारभार त्यांच्याकडे होता. काम सोपे नव्हते. साडी, धोतर, उपरणे, पागोटे यांना टीप लागत नाही. शिवलेले कपडे घालणारा वर्ग लहान होता आणि घरच्या बाईच्या हाती यंत्र देण्याची कल्पनाही नवी होती. त्यामुळे आपल्याकडे मशीन आधी शिंप्याच्या ओटीवर आले आणि घरात नंतर शिरले. घरात शिरायला शिवणाच्या वर्गांनी मोठी मदत केली. रमाबाई रानडे यांच्या पुण्याच्या सेवासदनाचे उदाहरण ठळक आहे: १९०९ पासून तिथे स्त्रियांना, विशेषतः विधवांना, चार पैसे मिळवून देणारी कामे शिकवली जात, आणि त्यांत शिवण होते. इतिहासकार डेव्हिड अरनॉल्ड यांनी भारतातल्या रोजच्या वापरातल्या यंत्रांवर लिहिलेल्या पुस्तकात सायकल, टाइपरायटर आणि भातगिरणीच्या बरोबरीने शिवणयंत्राला स्थान दिले आहे, ते अगदी योग्य आहे.

यंत्रांना विरोध करणाऱ्या गांधीजींनीही या एका यंत्राला सूट दिली होती. १९२४ साली रामचंद्रन या तरुणाशी झालेला त्यांचा संवाद 'यंग इंडिया'त छापला आहे. त्यात त्यांनी सिंगरचे मशीन ही मोजक्या उपयुक्त शोधांपैकी एक गोष्ट मानली, आणि पत्नीचे हाताने शिवण्याचे कष्ट पाहून सिंगरने ते प्रेमापोटी बनवले असे सांगितले. गांधीजींचा निवाडा मला मान्य आहे. कथा मात्र इतिहासाला धरून नाही. बॉस्टनमध्ये ऑर्सन फेल्प्स याच्या कारखान्यात दुसऱ्याचे सदोष यंत्र दुरुस्त करताना, पैसे मिळवण्याच्या उद्देशाने सिंगरने हे काम हाती घेतले होते. यंत्र कोणत्या हेतूने जन्माला आले यापेक्षा ते कोणाच्या कामाला आले हे महत्त्वाचे, आणि तिथे गांधीजी बरोबर होते.

स्वातंत्र्याच्या आसपास चित्र बदलले. कलकत्त्याची जय इंजिनिअरिंग वर्क्स ही कंपनी १९३८ मध्ये लाला श्रीराम यांच्या हाती आली आणि तिचे उषा मशीन घरोघर पोचले. पुढे लुधियाना हे मशिनांचे आणि सुट्या भागांचे मोठे केंद्र झाले. संग्राहकाच्या दृष्टीने यातली कामाची गोष्ट अशी: उषा आणि बहुतेक भारतीय काळी मशिने सिंगरच्या १५ क्रमांकाच्या जातीवर बेतलेली आहेत. त्यामुळे तुमच्याकडचे जुने सिंगर १५ असेल तर त्याची बॉबिन, बॉबिनची डबी आणि सुई आजही कोणत्याही मशीन दुरुस्तीवाल्याकडे मिळते.

आता मशीन वाचायचे कसे ते पाहू. पहिली खूण नंबर. सिंगरच्या बहुतेक मशिनांवर तो उजव्या बाजूला, चाकाजवळ, पाट्यावर ठोकलेला असतो. त्यावर काळा थर बसलेला असतो, म्हणून तेलाचे बोट फिरवून कापडाने पुसा, नखाने खरवडू नका. नुसते आकडे असतील, अक्षर नसेल, तर मशीन साधारण १९०० पूर्वीचे. त्यानंतर आकड्यांआधी इंग्रजी अक्षर येऊ लागले. एफ किंवा वाय असेल तर ते किलबोवीचे. जी असेल तर अमेरिकेतल्या एलिझाबेथपोर्टचे. सी असेल तर जर्मनीतल्या विटेनबर्गेचे. ईए, ईबी अशी ईपासून सुरू होणारी जोडअक्षरे असतील तर पुन्हा किलबोवी, पण १९३० च्या दशकातले किंवा नंतरचे. आपल्याकडे सापडणारी सिंगर मशिने बरीचशी किलबोवीची असतात. या नंबरांच्या याद्या उपलब्ध आहेत आणि त्यात वर्ष, तारीखसुद्धा मिळते. ती तारीख मशीन तयार झाल्याची नसून नंबरांची अख्खी थप्पी कारखान्याला नेमून दिल्याची असते, म्हणून तिच्यावर अमुक दिवशी जन्म असे छातीठोक सांगू नये. वर्षाचा अंदाज मात्र चांगला येतो.

नवा माणूस हमखास फसतो तो पेटंटच्या तारखांनी. शटलवरच्या सरकत्या पट्टीवर कधी कधी ओळीने तारखा कोरलेल्या असतात. विकणारा त्यातली सर्वांत जुनी तारीख दाखवून मशीन तेव्हाचे असल्याचे सांगतो. ती पेटंट मंजूर झाल्याची तारीख. त्या पेटंटवर पुढे अनेक वर्षे मशिने निघत राहिली. त्या पट्टीवरून एवढेच सिद्ध होते की मशीन शेवटच्या तारखेच्या आधीचे नाही. निळ्या काठाच्या पितळी बिल्ल्याचेही तसेच. त्यावर १८५१ ते १९५१ अशी शंभर वर्षे कोरलेली दिसतात म्हणून काही जण मशीन १८५१ चे म्हणून विकायला काढतात. तो कंपनीच्या शताब्दीचा बिल्ला आहे, आणि मशीन १९५० च्या सुमाराचे आहे. तिसरा गैरसमज सोनेरी चित्रांचा. पाट्यावर पंख असलेले स्फिंक्स असतील तर लोक म्हणतात, तुतनखामेनची कबर १९२२ मध्ये सापडली त्यानंतरचे हे चित्र. प्रत्यक्षात सिंगरची इजिप्ती नक्षी त्याआधीपासून चालू होती.

जुन्या सिंगरवर मॉडेलचा क्रमांक बहुतेक वेळा लिहिलेलाच नसतो. जात ओळखायची ती शटलवरून. पुढची सरकती पट्टी ओढली आणि आत होडीसारखे, टोकदार, लांबट शटल दिसले, चाक फिरवल्यावर ते कमानीत मागेपुढे झुलले, तर ते २७ किंवा त्याचे धाकटे भावंड २८. पट्टीखाली गोल बॉबिन आडवी पडलेली असेल तर ६६, किंवा त्याचे लहान रूप ९९. गोल बॉबिन डाव्या टोकाला उभी बसत असेल आणि डबी बाजूने बाहेर निघत असेल तर १५. क्रमांकापुढे के असेल तर तो किलबोवीचा. एवढे कळले तर बाजारातल्या दहातल्या आठ मशिनांची ओळख पटते. उरलेल्यांत खरी मजा असते. १८६५ मध्ये आलेल्या १२ क्रमांकाच्या मशीनचा पाटा फिडलच्या आकाराचा, कमरेत आवळलेला असतो. १९३३ मध्ये शिकागोच्या प्रदर्शनात पुढे आलेले २२१ ॲल्युमिनियमचे, पाचेक किलोचे, डब्यात बसणारे. इंग्रजी मुलखात त्याला लाडाने पिसाइतके हलके म्हणतात आणि त्याला मागणीही खूप. लहान मुलींसाठी निघालेले २० क्रमांकाचे छोटे साखळी-टाक्याचे मशीन तळहाताएवढ्या पाट्याचे असते, पण खरोखर शिवते. जर्मन मशिनांकडेही लक्ष ठेवा. पफाफ आपल्याकडे चांगले माहीत आहे. मोटारींसाठी नाव कमावलेल्या ओपेल कंपनीची सुरुवातही १८६२ मध्ये शिवणयंत्रांनीच झाली होती.

शोधायचे कुठे? मुंबईचा चोर बाजार आणि पुण्याचा बुधवार-रविवारचा जुना बाजार ही नावे सगळ्यांना ठाऊक आहेत, तिथे जरूर फिरावे, डोळा तयार होतो. पण चोर बाजारात मशीन आधीच शोभेची वस्तू झालेले असते, पॉलिश मारलेले, कधी दुसऱ्याच मशीनचा बिल्ला लावलेले. खरा साठा तिथे नसतो. तो असतो जुन्या पेठांतल्या मशीन दुरुस्तीवाल्यांच्या मागच्या खोलीत, गिरणीच्या चाळींत, वाडा पाडायच्या आधी रिकाम्या होणाऱ्या माळ्यांवर, शिवणक्लास बंद करणाऱ्या बाईंकडे, आणि भंगारवाल्याकडे, जिथे बिडाचे स्टँड किलोवर तोलले जाते. दुरुस्तीवाल्याशी ओळख ठेवणे हा सर्वांत चांगला मार्ग. त्यांना कोणत्या घरात कोणते मशीन आहे हे वर्षानुवर्षे माहीत असते. सगळ्यांत आधी मात्र आपल्याच आत्या, मावशी, काकूंना विचारा. बाहेरून आणलेल्या दहा मशिनांपेक्षा आपल्या घराण्यातल्या एका मशीनची गोष्ट पूर्ण माहीत असणे अधिक मोलाचे आहे.

एक मशीन जवळून पाहू. समजा लाकडी कमानदार झाकणाचे, हँडल फिरवायचे सिंगर २८ तुमच्यासमोर आहे. झाकणाची किल्ली हरवलेली असते. झाकण फोडायचे नाही, लहान पेचकसाने कुलूप फिरते. झाकण काढले की लगेच हँडल फिरवू नका, आधी नुसते बघा. सुईच्या डावीकडे आणि पाट्याच्या पुढच्या काठावर सोनेरी नक्षी पुसली गेली आहे का? तिथूनच कापड सरकते आणि तिथेच मनगट टेकते. नक्षी सगळीकडे शाबूत आणि तिथेच गायब असेल तर मशीन भरपूर चालले आहे, आणि नीट ठेवले गेले आहे. नक्षी सगळीकडे सारखीच फिकट असेल तर कोणीतरी पावडरने घासले आहे. पाट्यावर बारीक ओरखडे असतील तर टाचण्या टोचलेले कापड त्यावरून ओढलेले असते, म्हणजे मापाचे कपडे शिवले जात होते. हँडलच्या लाकडी मुठीला एका बाजूने झीज असते, बोटांच्या जागा त्यात कळतात.

मग पट्टी सरकवून शटल आहे का पाहा. शटल नसेल तर किंमत निम्म्याने पाडून मागा. आत लांब बॉबिन आणि तिच्यावर शेवटचा गुंडाळलेला दोराही अनेकदा असतो, तो फेकू नका. आता चाकाचा वरचा भाग आपल्याकडे येईल असा अगदी सावकाश फिरवा. फिरला नाही तर जोर करायचा नाही. अडकलेले मशीन म्हणजे बिघडलेले मशीन नव्हे, त्यात बहुधा तेल वाळलेले असते. चाक फिरते पण सुई हलत नाही असे झाले तर विकणारा मशीन गेलेले समजतो. बहुतेक वेळा चाकाच्या मधला गोल स्क्रू सैल असतो. बॉबिन भरताना सुई थांबावी म्हणून तो सैल करायचीच सोय असते. तो घट्ट केला की काम झाले. सुईचा दांडा दोन बोटांत धरून हलवून बघा. किंचित खेळ चालतो, खडखडाट चालत नाही. शेवटी मशीन मागे कलवून तळ पाहा. वरून काळे कुळकुळीत दिसणारे मशीन खालून गंजून खवले आलेले असेल तर ते पुरात किंवा ओल्या जमिनीवर राहिलेले आहे, सोडून द्या.

मशीनसोबत सुट्या भागांचे खोके मिळाले तर हात घालून तळापर्यंत चाचपा. कडा दुमडणारे, चुण्या पाडणारे, गोट लावणारे जोडफूट डब्यात असतात. सिंगरच्या अस्सल भागांवर सिमॅन्को ही खूण ठोकलेली असते. जुना हप्त्याचा कागद, कॅटलॉग, कोणाच्या तरी मापांची चिठ्ठी सापडली तर ती मशीनपासून वेगळी करू नका.

भावाबद्दल माझे मत साधे आहे. १५, २७, २८, ६६ या सर्वसाधारण मशिनांना, पूर्ण आणि चालू असली तरी, बाजारात नव्या काळ्या भारतीय मशीनला जेवढे पडतात त्याहून जास्त देऊ नयेत. जास्त पैसे द्यावेत ते १२ सारख्या जुन्या जातीला, अखंड नक्षीला, किंवा कागदपत्रांसह आलेल्या मशीनला. आणि अफवांना एक पैसाही देऊ नये. २००९ च्या एप्रिलमध्ये सौदी अरेबियात अशी बातमी पसरली की जुन्या सिंगरमध्ये 'लाल पारा' नावाचा अनमोल पदार्थ असतो, आणि मोबाइल जवळ नेल्यावर बंद पडला तर पारा आहे असे समजावे. लोकांनी जुन्या मशिनांसाठी लाखांनी रक्कम मोजली. असा पारा कोणत्याही शिवणयंत्रात नसतो, कधी नव्हता.

घरी आणल्यावर सर्वांत मोठा शत्रू असतो आपलाच उत्साह. काळा रंग हा साधा ऑइलपेंट नाही, तो डांबराच्या जातीचा, भट्टीत भाजलेला लेप आहे. त्यावर सोनेरी नक्षी आणि तिच्यावर बहुधा लाखेचे पारदर्शक पाणी दिलेले असते. लाख स्पिरिटमध्ये विरघळते. स्पिरिट, थिनर, भांड्यांची पावडर, ओला स्क्रबर यांतले काहीही लावले की नक्षी क्षणात जाते आणि परत येत नाही. मऊ सुती कापडावर मशीनचे तेल घेऊन हलक्या हाताने पुसत राहा, दिवस लागले तरी चालतील.

आपल्याकडच्या मशिनांचा एक खास रोग आहे, खोबरेल. घरात दुसरे तेल नसेल तेव्हा डोक्याचे तेल मशीनला घातले गेले. ते थंडीत गोठते, काही वर्षांनी त्याचा पिवळा डिंक होतो आणि सांधे जखडते. अशा मशीनमध्ये प्रत्येक सांध्यावर रॉकेलचे थेंब सोडावेत, खिडकी उघडी ठेवावी, जवळ विस्तव नसावा. रात्रभर राहू द्यावे, सकाळी चाक मागेपुढे फक्त हलवावे. एक दोन दिवसांत तो डिंक सुटतो. सुटल्यावर सगळे पुसून पांढरे मशीन ऑइल वरच्या प्रत्येक भोकात आणि जिथे धातूवर धातू घासतो तिथे एकेक थेंब. चामडी पट्ट्याला आणि बॉबिन भरायच्या रबरी चाकाला तेल लागता कामा नये. दात्यांवरची पट्टी दोन स्क्रूंनी सुटते. तिच्याखाली अनेक वर्षांची कापडाची धूळ नमद्यासारखी घट्ट बसलेली असते, ती काढल्यावरच कापड नीट सरकू लागते. स्क्रू काढताना पेचकसाचे पाते खाचेत पूर्ण बसणारे घ्या, कारण खाच बिघडली तर बदली स्क्रू सहज मिळत नाही, सिंगरचे आटे बाजारच्या साध्या स्क्रूंशी जुळत नाहीत. प्रत्येक टप्प्याचा मोबाइलवर फोटो काढा. मोटर लावलेले जुने मशीन असेल तर वायर तपासून घेतल्याशिवाय प्लग लावू नका. वायरचे आवरण बोटांत चुरते.

आणि तरीही टाका पडला नाही तर? दुरुस्तीवाल्याकडे धावण्यापूर्वी सुई पाहा. सुईला एका बाजूने लांब खाच असते आणि दांड्याची एक बाजू सपाट असते. सपाट बाजू शटलकडे आणि दोरा लांब खाचेच्या बाजूने, हा नियम जवळपास सगळ्या घरगुती मशिनांना लागू पडतो. बिघडलेली म्हणून टाकून दिलेली कितीतरी मशिने केवळ उलटी सुई लावल्यामुळे गप्प असतात. जुन्या १२ क्रमांकासारख्या काही मशिनांची सुई मात्र आजच्या बाजारात सहज मिळत नाही. अशा मशीनसोबत आलेली प्रत्येक सुई जपून ठेवा.

एका गोष्टीचा मला मनापासून राग आहे. पायमशीनचे बिडाचे स्टँड घेऊन त्यावर काच किंवा ग्रॅनाइट टाकून कॅफेचे टेबल करतात आणि वरचे मशीन भंगारात घालतात. ऑलसेंट्स या ब्रिटिश कपड्यांच्या दुकानसाखळीने तर आपल्या काचेच्या खिडक्या शेकडो जुन्या मशिनांनी भरल्या. तिथे निदान मशिने अखंड राहिली. टेबलाच्या कारागिरीत यंत्राचे दोन तुकडे होतात आणि दोन्हींची ओळख संपते. मशीन नसलेले, तुटके स्टँड असेल तर खुशाल टेबल करा. चालू जोडी फोडू नका. तसेच चपला-बूट शिवणाऱ्या कारागिराकडे लांब सोंडेचे, कोणत्याही दिशेने शिवणारे जुने सिंगर २९ असते, त्यावर डोळा ठेवू नका. ते ज्याच्या पोटासाठी चालते, त्याच्याकडेच राहू द्या.

संग्रह किती मोठा असावा? जितकी मशिने वर्षातून दोनदा तेल घालून चालवता येतील तितकी. लंडनच्या बॅलहॅम हाय रोडवर शिवणयंत्रांचे एक संग्रहालय आहे, तिथे शेकडो मशिने आहेत. वॉशिंग्टनच्या स्मिथसोनियनमधल्या संग्रहावर ग्रेस रॉजर्स कूपर यांनी लिहिलेले पुस्तक आजही या विषयाचे पहिले पुस्तक मानतात. एवढा पसारा संस्थांनी करावा. घरी चार चांगली मशिने पुरतात: एक लांब शटलचे, एक १५, एक भारतीय बनावटीचे आणि एक आपल्या घराण्यातले. आपल्याकडे भारतीय मशिनांना अजून कोणी अँटिक म्हणत नाही, म्हणून ती सर्वांत वेगाने भंगारात जात आहेत. जुने उषा, लुधियानाचे रिटा, आज स्वस्तात आणि पूर्ण स्थितीत मिळतात. सुरुवात तिथून केली तर उत्तम.

किलबोवीचा कारखाना १९८० मध्ये बंद झाला. जवळच्या रेल्वे स्टेशनचे नाव अजून सिंगर आहे. तिथे बनलेल्या मशिनांना आता सांभाळायचे ते आपण. म्हणून घरातले मशीन विकायला किंवा द्यायला काढाल, त्याआधी एवढे करा: त्याचा नंबर लिहून घ्या, ते कोणी, कधी, कोणत्या पैशांतून घेतले हे घरातल्या सर्वांत वयस्कर माणसाला विचारून त्याखाली लिहा, आणि तो कागद मशीनच्या खणात ठेवूनच ते पुढच्या हातात द्या.